दोस्तांचा पाव

२१ एप्रिल १७७८

फ्रान्सचा राजा आपल्या बाजूने लढाईत उतरला! सकाळी धक्क्यावर बातमी लागली आणि दुपारपर्यंत बॉस्टनमधल्या सगळ्या घंटा वाजत होत्या. भट्टी पेटलेली, सोडून जाता येईना. दारात उभी राहून ऐकलं. रस्त्यात लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

एनॉकने खांद्यावरचं पोतं धाडकन टाकलं आणि हसत सुटला. म्हणाला, वहिनी, आता फ्रेंचांसारखं कमरेत वाकून नमस्कार करायला शिका. माझा नवरा जोटम बंकरच्या टेकडीवरच्या लढाईत गेला तेव्हापासून भट्टीचं जड काम हा दीरच ओढतो आहे. तोंड वाईट, हात चांगला.

मला हसू आलं नाही. माझ्या बापाला फ्रेंचांनीच मारलं — टायकोंडेरोगाच्या किल्ल्यासमोर, मागच्या लढाईत. तेव्हा आम्ही इंग्रज राजाचे होतो आणि जेरेड माझ्या पोटात होता. फ्रेंच म्हणजे सैतानाचे सोयरे, हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. आज संध्याकाळी प्रार्थनाघरात त्याच फ्रेंचांच्या राजाला दीर्घायुष्य मागितलं. मीही डोळे मिटले. ओठ हलवले.

जेरेड रात्री जेवला नाही इतका खूश. "आई, आता वर्षभरात संपतंय बघ." एकोणीस वर्षांचा झाला तरी आनंदात भूक जाते त्याची. बापासारखीच.

२ मे

गव्हाचं पीठ नाही. मक्याचंच भाजलं. गिऱ्हाईक कुरकुरतं आणि खातं.

१४ मे

लाकडं फोडायला माणूस ठेवला. नेड ट्रँटर. साराटोगाला शरण आलेल्या इंग्रज फौजेतला. ते सगळे केंब्रिजच्या टेकडीवर कैदेत आहेत, पण पहारा कसला, रोज दोन-चार जण पळून गावात येतात आणि मिळेल ते काम धरतात. हा मूळचा विणकर. मी विचारलं, फौजेत कसा गेलास? म्हणाला, "दारू प्यायलो होतो, मालकीणबाई. शुद्धीवर आलो तर अंगात लाल कोट."

माझी लेक हेप्सी खुदकन हसली. जोटम गेल्यावर तिचं हसणं ऐकलं नव्हतं मी.

एनॉक आधी फणफणला — लाल कोटवाला आपल्या घरात! मग त्याने ट्रँटरला कुऱ्हाड चालवताना पाहिलं आणि गप्प झाला. आता त्याला 'राजेसाहेब' म्हणतो. राजेसाहेब, जरा ओंडका इकडे सरकवा. ट्रँटर मान तुकवून सरकवतो.

लाकूडखोलीतच झोपायला जागा दिली आहे.

२० जून

हेप्सी लाकूडखोलीत फार वेळा पाणी नेते. एवढी तहान कुणालाच लागत नाही.

२३ जून

ट्रँटर टोपी हातात घेऊन उभा राहिला. हेप्सी दाराआड, तिच्या स्कर्टची कड मला दिसत होती. मी म्हटलं, लढाई संपली की बघू. मुलगी सतराची आहे, घाई काय? तो म्हणाला, थांबतो, मालकीणबाई, मला आता कुठे जायचं आहे? परत गेलो तर आमचे लोक पळपुट्याला फाशी देतात. हे त्याने हसतच सांगितलं.

वाईट माणूस नाही.

१ ऑगस्ट

फ्रेंच आरमार खरंच आलं. न्यूपोर्टच्या तोंडाशी उभं आहे. न्यूपोर्ट ज्या बेटावर आहे तिथे इंग्रज अडकलेत. समुद्राकडून फ्रेंच आणि जमिनीकडून आपले, असा बेत. गावागावातून माणसं निघाली आहेत. जेरेड आणि एनॉकही.

जेरेडला वाटेसाठी कडक बिस्किटं भाजून दिली. थैली बांधताना म्हणाला, "पहिल्यांदाच असं आहे, आई. आपण जास्त, ते कमी."

एनॉकला बाजूला घेऊन सांगितलं — त्याच्याकडे बघ. एनॉक म्हणाला, माझ्या अंगाला हात लागल्याशिवाय त्याला लागणार नाही.

१३ ऑगस्ट

वादळ. असं कधी पाहिलं नाही. धक्क्याजवळच्या गोदामाचं छप्पर उडून मेंढवाड्यात पडलं. बेटावर आपले लोक तंबूत असतील. तंबू राहिले असतील का?

२६ ऑगस्ट

बाजारात बोलतात की वादळात फ्रेंच जहाजं मोडली, आणि ती दुरुस्तीला बॉस्टनला निघाली. मी तिथेच उभी राहिले. जहाजं इकडे निघाली. म्हणजे बेटावर आपले लोक एकटे.

ट्रँटरला विचारलं, आता काय होईल? तो फौजेत होता, त्याला कळतं. त्याने कुऱ्हाड टेकवली. मग म्हणाला, आपले लोक मागे हटतील. हटताना पाठलाग होईल.

'आपले' म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

२८ ऑगस्ट

जहाजं आली. सगळं गाव धक्क्यावर. सगळ्यात मोठ्या जहाजावर एकही डोलकाठी धड नाही, नुसते बुंधे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी थुंकली. मीही पाहून परत आले.

३१ ऑगस्ट

डीकन पेल आले. आमच्या प्रार्थनाघराचे वडीलधारे. आता गावच्या समितीवर असल्याने प्रार्थनेपेक्षा धक्क्यावर जास्त दिसतात. टोपी न काढता भट्टीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, केझाया, तुमची भट्टी मोठी आहे. फ्रेंच आरमाराला पाव लागतो. पीठ त्यांचं, भटारी त्यांचा, तुम्ही नुसती मदत करायची. पण एक गोष्ट — एकही पाव गावात जाता कामा नये. ते पाहुणे आहेत.

मी म्हटलं, माझा मुलगा बेटावर आहे.

म्हणाले, सगळ्यांचेच आहेत.

१ सप्टेंबर

त्यांचं पीठ पाहून हात थबकले. पांढरंशुभ्र. किती दिवसांनी असं पीठ बोटांना लागलं. भटारी ल गॉफ म्हणून म्हातारा आहे, समुद्रकाठचा, माझ्यासारखेच भाजलेले हात. शब्द दहा-बाराच येतात, पण कणीक मळताना बोलावं लागत नाही. देखरेखीला एक तरुण अधिकारी, लेफ्टनंट केरलू. थोडं आपलं बोलतो. रोज आल्यावर मला वाकून नमस्कार करतो. मला! पिठाने माखलेल्या बाईला.

२ सप्टेंबर

एनॉक आला. एकटा.

दारात उभा राहिला, आत येईना. हातात जेरेडचे बूट. मी बुटांकडे पाहिलं आणि मला कळलं, पण मी म्हटलं, तो मागून येतोय का?

एनॉक खाली बसला. मागे हटताना टेकडीवर झालं म्हणाला. पोटात गोळी. लगेच नाही गेला. एनॉकने त्याला पाठीवर घेतलं होतं. "शेवटपर्यंत समुद्राकडे बघत होता, वहिनी. सारखा विचारायचा, शिडं दिसतात का?" एनॉक म्हणत राहिला — दिसतात, दिसतात.

खड्डा त्यानेच खणला. स्वतःच्या हाताने, संगिनीच्या पात्याने.

आतून ल गॉफने हाक मारली. पहिला घाणा तयार होता. मी उठले आणि पाव बाहेर काढले.

३ सप्टेंबर

भाजलं.

४ सप्टेंबर

भाजलं. हेप्सी मला बसवायला बघते. बसले तर उठणार नाही.

५ सप्टेंबर

केरलूला कुणीतरी सांगितलं असावं. आज नमस्कार करून सरळ उभा राहिला नाही, वाकलेलाच राहिला. म्हणाला, "आमच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या, बाई. पण त्याचा तुमच्या मुलाला काय उपयोग." एवढंच. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावासाही वाटला. जेरेडपेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल.

पूर्ण गावात एवढी एकच व्यक्ती जेरेडचं बोलली माझ्याशी. बाकीच्यांनी तोंड फिरवलं आहे. माझ्या धुराड्यातून गव्हाच्या पावाचा वास गल्लीभर जातो आणि त्यांच्या पोरांच्या ताटात मका. पाण्याला गेले तर मागून ऐकू आलं — मुलगा विकून पाव भाजते. आवाज ओळखीचा. प्रुडन्सचा. तिच्या दोन्ही बाळंतपणात मी रात्ररात्र जागले होते.

७ सप्टेंबर

दारात गर्दी वाढते आहे. खलाशी, हमाल, बेटावरून परत आलेले. नुसते उभे राहतात आणि वास घेतात. एनॉक सकाळपासून त्यांच्यात. प्यायलेला. माझ्याच घरचा माणूस माझ्याच दाराबाहेर.

९ सप्टेंबर

काल झालं ते लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मलाच ते वेगळं आठवेल.

दुपारचा दुसरा घाणा निघत होता. बाहेर गर्दी दारापर्यंत आलेली. पाव द्या, पाव द्या. ल गॉफने मान हलवली. मग केरलू टोपी काखेत घेऊन उंबऱ्यावर गेला. म्हणाला, हा पाव जहाजाचा आहे, माझा नाही, मला देता येत नाही. नीट बोलत होता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, न्यूपोर्टला पण हेच म्हणालात. लोक हसले. मग दगड आला.

मग सगळे आत. परात उलटली, पीठ उडालं, काही दिसेना. मी भट्टीसमोर, पाव ओढायची लांब दांड्याची फळी माझ्या दोन्ही हातात. पांढऱ्या धुरळ्यातून एनॉक समोर आला. त्याने दांड्यावर हात ठेवला. ओढला नाही. माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "वहिनी, सोडा."

मी सोडली.

त्याने ती फिरवली. केरलू पाठमोरा नव्हता, समोर होता, एनॉककडेच बघत होता. डोळ्याच्या वर बसली. तो भट्टीच्या तोंडावर आपटला आणि खाली आला. मागच्या दाराने ट्रँटर धावत आला, त्याने केरलूला काखेत धरून बाहेर ओढलं, नाहीतर तुडवून मारला असता. ट्रँटरचा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत रक्ताने भरला. तसाच रस्त्यात पळाला, वैद्य बोलवायला. अख्ख्या गल्लीने त्याला पाहिलं.

लोक पाव घेऊन पळाले. प्रुडन्स एप्रनमध्ये सहा-सात घेऊन निघाली. केरलूच्या पायावरून पलीकडे पाऊल टाकताना तिने स्कर्ट उचलून धरला. रक्त लागू नये म्हणून.

केरलू माझ्या घरात आहे. हलवू नका म्हणाला वैद्य.

१० सप्टेंबर

चौकाचौकात कागद लागले आहेत. फ्रेंच अधिकाऱ्यावर हल्ला करणारे शत्रूचे हस्तक होते, केंब्रिजहून पळालेले इंग्रज, माहिती देणाऱ्याला बक्षीस. लोक थांबून वाचतात. त्यातले निम्मे माझ्या भटारखान्यात होते. वाचून मान हलवतात — बघा, इंग्रज काय करतील नेम नाही.

एनॉकची दारू उतरली आहे. भट्टीत लाकडं घालतो. माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. फळी धुऊन जागेवर ठेवली आहे. मी नाही धुतली.

१२ सप्टेंबर

केरलू एकदा जागा झाला. एकच शब्द परत परत. मला वाटलं पाणी. पाणी दिलं, त्याने तोंड फिरवलं. दुधात पाव भिजवून आणला. नाही. तोच शब्द. मी हात धरून बसले, तो रडायला लागला. संध्याकाळी ल गॉफ आला तेव्हा त्याने ऐकलं, आणि जाऊन खिडकी लावली.

बाहेर लोकांचा आवाज येत होता. केरलूला तो ऐकायचा नव्हता.

१३ सप्टेंबर

गेला. पहाटे.

तोंड मी धुतलं. जेरेडचं धुवायला मिळालं नाही.

१५ सप्टेंबर

गुपचूप पुरला. ना ढोल, ना बंदुका, ना त्याच्या धर्माचे मंत्र मोठ्याने. गावकऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून. फ्रेंचांनाही तसंच हवं होतं म्हणे.

१६ सप्टेंबर

डीकन पेल आले. या वेळी टोपी काढली. बसले, घेवडा खाल्ला, काकवी आणखी मागून घेतली. मग कामाचं बोलले.

म्हणाले, फ्रेंच आरमाराचे प्रमुख फार मोठ्या मनाचे. त्यांनीच कळवलं आहे, हे शत्रूचंच काम असणार, आमच्या दोस्तीला तडा जायचा नाही. केझाया, ही जहाजं गेली तर आपण परत एकटे. बेटावर काय झालं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत? पण नुसतं 'शत्रू' म्हणून भागत नाही. एखादा चेहरा लागतो. तुम्ही तिथे होतात. काय पाहिलंत?

मी म्हटलं, पीठ उडालं होतं. काही दिसलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. माझी खात्री आहे, त्यांना सगळं माहीत होतं.

"दिसलं नाही. ठीक. म्हणजे तो ट्रँटर नव्हता, हेही तुम्हाला दिसलेलं नाही."

मी त्यांची ताटली उचलली.

"त्याचा रक्ताचा सदरा चाळीस जणांनी पाहिलाय, केझाया. बाकी मी कुणाला काही विचारणार नाही. तुमच्या घरातल्या कुणालाच."

जाताना मला म्हणाले, जेरेडचं नाव एखाद्या रविवारी प्रार्थनेत घेऊ.

१७ सप्टेंबर

ट्रँटरला नेलं.

लाकडं फोडत होता. त्याला वाटलं चौकशीला नेतायत, कुऱ्हाड नीट खुंटीला लावली, हात पुसले. मग दोर पाहिला. तरी घाबरला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मालकीणबाई, सांगा ना यांना."

मी दारात उभी होते. माझ्या मागे भट्टीशी एनॉक. त्याच्या लाकूड टाकण्याचा आवाज थांबला.

ट्रँटर वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला विसरता येत नाही. तो फक्त मी बोलायची वाट बघत होता.

मग त्यांनी त्याला ओढलं.

हेप्सी नदीवर कपडे धुवायला गेली होती. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन परत आली तेव्हा मीच सांगितलं. टोपली तिने खाली ठेवली नाही, तशीच कमरेवर धरून तुरुंगाकडे धावत गेली.

१९ सप्टेंबर

त्याने तिला गजातून सांगितलं. सगळं — मागच्या दाराने आत आला तेव्हा फळी कुणाच्या हातात होती ते. पहारेकऱ्यांनाही सांगितलं, समितीलाही. पळपुट्या इंग्रजाचं कोण ऐकतं?

हेप्सी माझ्यासमोर उभी राहिली. "तू पाहिलंस?"

मी म्हटलं, तुझ्या भावाला काकाने पाठीवर घेतलं होतं. खड्डा त्याने खणला. हाताने.

"मी ते विचारलं नाही. तू पाहिलंस?"

मी म्हटलं, एनॉकचं नाव सांगितलं तर त्याला फाशी देतील. मग आपलं कोण आहे?

ती म्हणाली, माझा नेड आहे.

मी म्हटलं, त्याला मारणार नाहीत. पेलनी तसं म्हटलं आहे. — पेल असं काही म्हणाले नव्हते.

२५ सप्टेंबर

फ्रेंच अधिकाऱ्यांना गावाने मेजवानी दिली. केक माझ्याकडून गेले. फ्रान्सच्या राजाच्या नावाने पेले, आपल्या फौजेच्या नावाने पेले, 'दोन देशांच्या अतूट मैत्रीच्या' नावाने पेले, प्रत्येकाला एक तोफ. एनॉकने केक वाहून नेले. परत आल्यावर म्हणाला, मोठे मोठे लोक होते, वहिनी, माझ्याशी हात मिळवला एका फ्रेंचाने. मग मागच्या अंगणात जाऊन ओकला.

२९ सप्टेंबर

ट्रँटरवर खटला नाही! फाशी नाही! पेल स्वतः सांगायला आले. 

मग पुढचं सांगितलं. कैद्यांची अदलाबदल आहे. आपले काही येतील, त्यांचे काही जातील. ट्रँटर त्यांचाच माणूस, तो त्यांना परत. बोट न्यूपोर्टला जाते.

मी म्हटलं, ते पळपुट्याला काय करतात तुम्हाला माहीत आहे.

"ते त्यांचं बघतील. आपल्या हाताला रक्त नको." आणि मग: "मला वाटलं तुम्ही आभार मानाल."

१ ऑक्टोबर

बोट सुटली. हेप्सी धक्क्यावर होती. मी गेले नाही. भाजायचं होतं.

६ ऑक्टोबर

कणीक मळता मळता ल गॉफने हात थांबवले. आज पहिल्यांदा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. एनॉककडे बोट केलं — तो अंगणात होता — मग स्वतःच्या डोळ्यांकडे. पाहिलं. मी पाहिलं. मग ताठ उभा राहिला, कप्तानासारखी छाती काढली, बोट वर केलं, आणि तोडक्यामोडक्या शब्दांत म्हणाला, "म्हातारा, तू इंग्रज पाहिलास."

आणि खांदे उडवले. परत मळायला लागला. मी पण.

किती जणांनी पाहिलं होतं? आम्ही सगळे एकाच खोलीत होतो.

१९ ऑक्टोबर

अदलाबदलीत सुटलेला आपला एक खलाशी आला. न्यूपोर्टला बोट लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बंदरासमोर, सगळ्या जहाजांना दिसेल असा नेडला टांगला. इतरांना धडा म्हणून. खलाशी म्हणाला, पोरगा शेवटपर्यंत सांगत होता की त्याला विणकाम येतं.

हेप्सीने ऐकलं. रडली नाही. उठून लाकूडखोलीत गेली आणि आतून कडी लावली.

२४ ऑक्टोबर

हेप्सी बोलत नाही. जेवते थोडं. एनॉक खोलीत आला की उठून जाते. काल एनॉकने तिच्या पायाशी बसून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ती भिंतीकडे बघत राहिली. तो मला म्हणाला, वहिनी, मी जातो समितीकडे, सांगून टाकतो.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आता सांगून नेड परत येणार आहे का? मग तिसरा मुडदा कशाला?

तो थांबला. मला वाटतं, मी अडवावं म्हणूनच तो बोलला होता.

४ नोव्हेंबर

आरमार गेलं. नव्या डोलकाठ्या, नवी शिडं, पोटात माझे पाव. न्यूपोर्टला नाही! दक्षिणेला, उसाच्या बेटांकडे. तिथली इंग्रजांची बेटं घ्यायची आहेत म्हणे. बाजारात सगळे मोठं बोलतात — लढाई आता आपली एकट्याची राहिली नाही, अर्ध्या जगाची झाली, उद्या स्पेनही येईल, परवा डच. न्यूपोर्टमध्ये इंग्रज होते तिथेच आहेत.

ल गॉफने जाताना माझे दोन्ही हात धरले. भट्टीलाही हात लावला. निखारे विझले होते.

५ नोव्हेंबर

आज पोपचा पुतळा जाळायचा दिवस. लहानपणापासून जाळत आलो. यंदा समितीने बंदी केली आहे, दोस्त पोपला मानतात, त्यांच्या भावना दुखावतील. दोस्त समुद्रात. पोरं उदास होऊन काठ्या घेऊन हिंडत होती.

८ नोव्हेंबर

प्रार्थनेत जेरेडचं नाव घेतलं. पेलनी शब्द पाळला. हेप्सी माझ्या शेजारी बसली होती. नेडचं नाव येईल म्हणून शेवटपर्यंत ऐकत होती, असं मला वाटलं.

१२ नोव्हेंबर

हेप्सी बोलली! सकाळी भट्टीपाशी येऊन बसली, शेकत. म्हणाली, आई, या रविवारीही मी येईन प्रार्थनेला. मी तिचे केस विंचरून दिले. किती गुंता झाला होता. आवळून वेणी घातली, लहानपणी घालत होते तशी. तिने काही म्हटलं नाही, बसून राहिली. मला वाटतं, निभावेल आता.

१५ नोव्हेंबर

हेप्सी भर प्रार्थनेत उभी राहिली आणि सगळं बोलली. काकाचं नाव. नेडचं. माझं. शांतपणे, एकेक करून. कुणी हललं नाही. एनॉक मान खाली घालून. डीकन पेल तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याकडे वळले.

"केझाया, मुलीचं डोकं ठिकाणावर आहे का?"

मी म्हटलं, नाही.